तणांच्या पाट्या

आमच्या इमारतीतले सर गेल्या वर्षी गेले. म्हणजे बंगळुरूला, मुलीकडे. हा खुलासा मी सुरुवातीलाच करून टाकतो, कारण इमारतीच्या ग्रुपवर मी आधी "सर गेले" एवढेच दोन शब्द पाठवले होते, आणि चष्मा शोधून पुढचं लिहीपर्यंत अकरा जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवून झाली होती. पाठोपाठ सरांचंच उत्तर आलं : "भावना पोचल्या. अर्ध्या माहितीवर फुलं वाहू नयेत."

सर वनस्पतिशास्त्राचे. उभी हयात एका कॉलेजात शिकवण्यात आणि तिथली वाळवलेल्या झाडपाल्याची खोली सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर नारायण पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून ते पुण्याच्या कडेला, मांजरी गावात, आमच्या इमारतीत राहायला आले. आले त्याच दिवशी दारावर पाटी लागली. आधी आडनाव, मग नाव, दोन्हींच्या खाली दोन वेगवेगळ्या रेघा, मधे बोटभर जागा. त्याखाली बारीक अक्षरात : "(नारायण पेठ) मांजरी".

मला वाटलं, पत्ता बदलायचा राहून गेला असेल. शेजारधर्म म्हणून मी सांगायला गेलो.

"सर, ते कंसातलं खोडायचं राहिलंय."

"खोडायचं नसतं," सर म्हणाले. "अहो, एखाद्या झाडाला कुणीतरी पहिल्यांदा नाव देतो. झाडाच्या नावापुढे त्या माणसाचंही नाव लागतं. शंभर वर्षांनी दुसरा कुणी येतो आणि म्हणतो, याचं घराणं हे नव्हे, ते. झाडाचं बिऱ्हाड हलतं. पण पहिल्या माणसाला हाकलून देत नाहीत. त्याला कंसात ठेवतात. नंतरचा कंसाबाहेर."

"म्हणजे नारायण पेठेनं तुम्हाला नाव दिलं."

"हो."

"आणि मांजरीनं?"

"पार्किंग."

त्यांच्याकडे गाडी नव्हती.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या अक्षरामुळे. मी विमा कंपनीत नोकरीला. आयुष्यात माझं कौतुक झालेली एकच गोष्ट म्हणजे अक्षर. तेही शाळेत, फळ्यावर सुविचार लिहायचो तेव्हा. इमारतीच्या सूचना लिहायचं काम त्यामुळे आपसूक माझ्याकडे आलं होतं. जिन्यापाशी मी लावलेली "सोमवारी पाणी येणार नाही, तरी सर्वांनी सहकार्य करावे" ही सूचना सरांनी दोनदा वाचली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "न येणाऱ्या पाण्याशी सहकार्य कसं करायचं ते कळलं नाही. पण अक्षर चांगलं आहे. तुमच्याकडे अक्षर आहे, माझ्याकडे मजकूर आहे. या संध्याकाळी."

मजकूर म्हणजे पाट्या. झाडांना पाट्या सगळेच लावतात. सरांनी त्या तणांना लावल्या.

आमची इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी ऊस होता. बिल्डरनं पार्किंगच्या मागे एक पट्टा क्लब हाऊससाठी सोडला होता. क्लब हाऊस माहितीपत्रकातच राहिलं आणि पट्ट्यात गुडघाभर तण माजलं. सर रोज सकाळी त्यात उतरायचे, भिंग घेऊन, उकिडवे बसून. मग वीतभर उंचीच्या लोखंडी कांबीवर पत्र्याची पाटी, तिच्यावर माझ्या अक्षरात शास्त्रीय नाव. सेक्रेटरी एकदा न राहवून म्हणाले, "सर, पुढे गुलाब आहेत. त्यांना लावा की पाट्या."

"गुलाबाला ओळखतात सगळे."

"आणि या गवताला कोण विचारतंय?"

"म्हणूनच."

पट्ट्याच्या तोंडाशी मोठी पाटी होती, तिचा मजकूर अर्थात सरांचा : "खुडू नये. खुडायचेच असल्यास आधी नाव पाठ करावे."

नावं लिहायचे नियम मी त्यांच्या डायनिंग टेबलावर शिकलो. नाव दोन शब्दांचं. पहिला शब्द घराण्याचा, त्याचं पहिलं अक्षर मोठं. दुसरा शब्द त्या एका जातीचा, तो सगळा लहान अक्षरात. छापताना दोन्ही तिरपे. हातानं लिहिताना तिरप्याऐवजी खाली रेघा, प्रत्येक शब्दाला स्वतंत्र. मी पहिल्याच दिवशी आंब्याच्या नावातला 'इंडिका' मोठ्या अक्षरानं सुरू केला. आपल्या देशाचं नाव, म्हटलं, लहान कसं काढायचं?

"देशाभिमान पंधरा ऑगस्टला," सर म्हणाले. "इथे लहान."

एकच पाटी मी चार वेळा रंगवली. दुसऱ्यांदा दोन्ही शब्दांखाली एकच सलग रेघ गेली. तिसऱ्यांदा रेघा बरोबर आल्या आणि कंसातला माणूस कंसाबाहेर पडला. चौथ्यांदा सर काहीच बोलले नाहीत. त्याला मी शाबासकी समजलो आणि घरी येऊन स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना नावं घातली. 'तूर डाळ', दोन शब्द, दोन रेघा. बायकोनं मिठाचा डबा माझ्यापुढे धरला. "याचं घराणं राहिलं."

पण सरांचा खरा जीव होता तो दोनच अक्षरांवर. एस आणि पी, पुढे टिंब. झाडाचं घराणं कळलं, पण नेमकी जात कळली नाही, तर घराण्याचं नाव लिहून पुढे ही दोन अक्षरं घालायची. "घराण्यातलं कुणीतरी आहे, कोण ते मला ठाऊक नाही" असा त्याचा अर्थ. मी त्या अक्षरांखालीही हौसेनं रेघ मारली, तेव्हा सरांनी माझा ब्रश धरला.

"इथे रेघ नाही. ही अक्षरं तिरपीसुद्धा नसतात. माहीत नाही हे सरळ लिहायचं."

विद्यार्थ्यांना ते म्हणे सांगत, की परीक्षेत चुकीच्या नावाला शून्य आणि या दोन अक्षरांना अर्धा गुण. कारण चुकीचं नाव वाचणारा पुढे शोधायचं थांबतो. टिंब वाचणारा थांबत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. पाठ असणं आणि अंगात असणं यातलं अंतर मला दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कळलं.

त्या जूनमध्ये सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधी सगळ्या पाट्या उपटून, नव्यानं रंगवून मी आमच्या बाल्कनीत वाळत घातल्या होत्या. कुठली पाटी कुठे रोवायची याचा नकाशा सरांनी काढून दिला होता. मी म्हटलं, "तुम्ही निर्धास्त राहा. मला आता एकूण एक झाड तोंडपाठ आहे." नकाशा मी शर्टाच्या खिशात ठेवला. शर्ट वॉशिंग मशीनमध्ये गेला. बाहेर आला तो शर्ट आणि खिशात एक पांढरी गोळी.

बहुतेक पाट्या मी आठवणीनं लावल्या. शेवटी दोन हातात उरल्या. दोन्ही 'सेन्ना' घराण्याच्या. एक 'सेन्ना टोरा', म्हणजे टाकळा. दुसरी 'सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस', म्हणजे कासुंदा. पट्ट्यात मागच्या कोपऱ्यात दोन्हींचे पुंजके शेजारी शेजारी उगवले होते, चार बोटं उंच. मला दोन्ही सारखीच दिसली. पाऊस पडत होता, एका हातात छत्री होती. सर दोन मजले वर होते. डोळ्यावर पट्टी होती, पण तोंड चालू होतं. वर जाऊन विचारायला दोन मिनिटं लागली असती. पण विचारायचं म्हणजे नकाशाचं सांगणं आलं, आणि तोंडपाठचंही. मी एक पाटी डावीकडे रोवली, एक उजवीकडे. घरी येऊन आल्याचा चहा घेतला. तो चहा चांगला लागला, हे मला आजही खुपतं.

चार दिवसांनी काळा चष्मा लावलेले सर जिन्यात भेटले. पट्ट्यात उतरायला त्यांना दीड महिना मनाई होती.

"पाट्या लागल्या?"

"लागल्या."

"नकाशाप्रमाणे?"

"हो."

जुलैच्या शेवटी सासूबाई यवतमाळहून आल्या. पुण्याच्या भाज्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. "साऱ्याईत साखर," असं त्या म्हणतात. रविवारी सकाळी त्या फिरायला खाली उतरल्या आणि ओटीभर पाला घेऊन वर आल्या. टाकळ्याला त्या तरोटा म्हणतात. "तरोटा सापडला!" म्हणून त्यांचा चेहरा असा फुलला होता, की कुठे सापडला हे कुणी विचारलंच नाही. पेपरवर बसून त्यांनी तो निवडला, हरभऱ्याची डाळ, कांदा आणि भरपूर लसूण घालून परतला, सोबत ज्वारीच्या भाकरी. आम्ही तिघंही आडवा हात मारून जेवलो. मी तर भाजी तिसऱ्यांदा वाढून घेतली.

दोनच्या सुमाराला बायको म्हणाली, "कुठून आणलास गं आई? मलाही दाखव." दोघी खाली गेल्या. वर आल्या तेव्हा बायकोच्या हातात मोबाईल होता आणि तोंडावर रंग नव्हता.

"आईनं खुडलंय तिथे पाटी आहे. सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस. मी शोधलं. विषारी म्हणून दाखवतंय."

"काहून घाबरवतं त्याईले?" सासूबाई म्हणाल्या. "तरोटा होता तो. माह्या हातानं खुडला न मी."

"आई, पाटी सरांची आहे. सरांची पाटी कधी चुकली आहे का?"

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि खाली ठेवला. पाटी सरांची नव्हती. माझी होती. मी दोन्ही पाट्या अंदाजानं लावल्या होत्या. अंदाज चुकला असेल, तर आम्ही टाकळा खाल्ला होता. अंदाज बरोबर असेल, तर कासुंदा. आयुष्यात पहिल्यांदाच मी देव्हाऱ्याकडे बघून मागितलं, की माझी चूक झालेली असू दे. एरवी या बाबतीत मला कधी मागावं लागलं नव्हतं.

बायकोनं डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "कुणाला उलटी, चक्कर, काही होतंय? झालं तर क्षणभर न थांबता निघून या. नाही ना? मग तो पाला नक्की कोणता, ते शोधून मला अर्ध्या तासात सांगा. नक्की म्हणजे नक्की." मी पायात चपला सरकवल्या.

आम्ही तिघं सरांच्या दारात उभे राहिलो. बायकोनं घडलं ते सांगितलं. सर ताडकन उठले.

"पाटी ऑक्सिडेंटॅलिसची? आणि खुडलं तिथूनच? मग माझ्याकडे काय आलात? रिक्षा बोलवा आणि आधी दवाखाना गाठा."

ते आमच्या पाटीवर इतका विश्वास टाकून बोलले, की मला बोलावंच लागलं.

"सर, नकाशा धुतला गेला. त्या दोन पाट्या मी... अंदाजानं लावल्यात."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं शास्त्रीय नाव अजून कुणी ठेवलेलं नाही. सरांनी काळा चष्मा काढला.

"किती खात्री होती?"

"निम्मी."

"निम्म्या खात्रीची पाटी नसते हो. तिच्यासाठी दोन अक्षरं आणि एक टिंब आहे." एवढंच म्हणून ते सासूबाईंकडे वळले. "निवडलेले देठ, काड्या कुठे टाकल्यात?"

"वल्ल्या कचऱ्यात. पेपरात गुंडाळून."

ओला कचरा सकाळीच इमारतीच्या कंपोस्टच्या टाकीत गेला होता. सगळ्या इमारतीचा, रविवारचा. सर भिंग घेऊन टाकीवर ओणवे झाले आणि मी त्यांना कमरेला धरून उभा राहिलो. ऑपरेशन झालेला माणूस, आत पडू नये म्हणून. बायको काठीनं ढवळत होती. कलिंगडाच्या साली, अंड्यांची टरफलं, कुणाचा तरी फसलेला केक. सासूबाईंना कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली होती. एक पेपर निघाला, त्यात मटाराच्या शेंगा. दुसरा निघाला, त्यात काहीतरी मासळीचं. तिसरा वर आला आणि सर म्हणाले, "हाच. शब्दकोडं अर्धवट आहे आणि सहा आडवा चुकलाय. अक्षर चांगलं आहे."

पेपर उलगडला. आत काड्या, देठ आणि टाकून दिलेली चार-पाच जून पानं. सरांनी एक पान उचललं, उन्हाकडे धरलं, भिंग डोळ्याशी नेलं. मला त्या वेळी टाकीचा वास येत नव्हता, काहीच येत नव्हतं. फक्त त्यांचे ओठ दिसत होते. ते मोजत होते.

"एक जोडी. दोन. तीन." त्यांनी दुसरं पान घेतलं. "तीन." तिसरं. "तीन. टोकं गोल. कासुंद्याला चार-पाच जोड्या असतात, टोकं अणकुचीदार." मग सगळ्या काड्या एकेक करून पाहिल्या. एकही सोडली नाही. शेवटी भिंग खिशात ठेवलं.

"सेन्ना टोरा. टाकळा. डॉक्टरांना कळवा आणि खुशाल ढेकर द्या."

बायको तिथेच, टाकीच्या कट्ट्यावर, मटकन बसली आणि हसायला लागली. मी अजून सरांची कंबर सोडली नव्हती. "आता सोडा," ते म्हणाले, "मी पडणार नाही." मग मी सोडली. माझी चूक झाली होती. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

सर सासूबाईंच्या खुर्चीपाशी गेले. "आपण कशावरून ओळखलात?"

"त्यात काय वळखाचं मास्तर? तरोट्याचं पान गोल, बोटानं दाबल्यावानी. रातच्याले मिटते. कासुंद्याचं टोकदार राह्यते, चोळलं का नाकाले झोंबते. त्याले आमी हात बी नाही लावत. दोनी होते तिथं. मी निवडूनच आणलं."

"मग हे दुपारीच का नाही सांगितलंत?"

"कोण इचारलं मले? सारे मोबाईलले इचारून राह्यले होते."

सर मोठ्यानं हसले. चार वर्षांत मी त्यांना दोनदाच हसताना पाहिलं, त्यातलं हे पहिलं.

डॉक्टरांना फोन झाला. "बरं झालं, तरी रात्रीपर्यंत लक्ष ठेवा," ते म्हणाले. सरांनी मला थांबवून घेतलं. मी पट्ट्यात उतरून दोन्ही पाट्या उपटायला लागलो, अदलाबदल करायला.

"राहू द्या," सर म्हणाले.

"पण सर, चूक आहे."

"म्हणूनच राहू द्या. कॉलेजातल्या आमच्या खोलीत प्रत्येक वाळलेलं झाड जाड कागदावर शिवलेलं असतं. कोपऱ्यात चिठ्ठी, तिच्यावर नाव. नाव चुकलेलं निघालं, तर ती चिठ्ठी काढत नाहीत. शेजारी दुसरी लावतात. तिच्यावर बरोबर नाव, आणि ते ज्यानं ओळखलं त्याचं नाव." मग म्हणाले, "तिथे एका कागदावर माझीही चूक आहे. घाईत होतो, टिंब द्यायला लाज वाटली, नाव ठोकून दिलं. शेजारी माझ्याच विद्यार्थिनीची चिठ्ठी आहे. दर वर्षी मी तो कागद काढून बघायचो."

"वाईट वाटत असेल."

"छे हो! बरं वाटायचं. चूक तिथेच थांबली, पुढे गेली नाही." मग काळा चष्मा पुन्हा चढवत ते म्हणाले, "नकाशाचं जिन्यातच सांगितलं असतंत तर मी रागावलो असतो. पाच मिनिटं. तेवढ्यासाठी तुम्ही महिनाभर ओझं वाहिलंत."

त्या संध्याकाळी मी दोन छोट्या पाट्या रंगवल्या. एक कासुंद्यापाशी गेली. दुसरीवर 'सेन्ना टोरा', दोन रेघा, पुढे कंसातला माणूस आणि कंसाबाहेरचा. आमच्या पाट्यांवर मराठी नाव नसायचं. गावागणिक बदलणाऱ्या नावांवर सरांचा विश्वास नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी खाली देवनागरीत 'तरोटा' घालायला लावलं आणि शेवटची ओळ स्वतः सांगितली : "ओळखणार :" आणि पुढे सासूबाईंचं पूर्ण नाव, यवतमाळसकट. सासूबाईंनी त्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. तो त्यांच्या घरी आता लग्नातल्या फोटोशेजारी आहे.

मी लावलेली चुकीची पाटीही तिथेच आहे. येणारेजाणारे विचारतात, एका झाडाला दोन नावं कशी? मी सांगतो. पूर्वी सांगताना कान लाल व्हायचे, आता होत नाहीत.

सर जाताना भिंग आणि आपली नोंदींची वही मला देऊन गेले. दारावरची पाटी मात्र घेऊन गेले. परवा फोनवर म्हणाले, "इथल्या दारावर लावली. नारायण पेठ कंसातच आहे. मांजरी गेली."

"गेली म्हणजे?"

"नियम आहे हो. कंसात पहिला राहतो आणि बाहेर शेवटचा. मधल्यांना पाटीवर जागा नाही." मग म्हणाले, "वहीत आहे."

या जुलैत सासूबाई पुन्हा आल्या. सकाळी त्यांच्याबरोबर पट्ट्यात उतरलो. तरोट्याशेजारी काहीतरी नवंच उगवलं होतं, केसाळ, लुसलुशीत पानांचं. मी उकिडवा बसलो, भिंग लावलं, पानं मोजली, सरांनी दिलेली वही चाळली. घराण्यापर्यंत पोचलो. पुढे रस्ता दिसेना.

"याची भाजी होते काय जवाईबापू?"

"माहीत नाही."

"मले बी नाही माहीत." त्यांनी पदर सावरला. "मंग राहू द्या."

वर येऊन मी पाटी रंगवली. घराण्याचं नाव, खाली रेघ. पुढे दोन अक्षरं आणि टिंब, सरळ, रेघेशिवाय. आतून बटाट्याच्या भाजीच्या फोडणीचा वास येत होता.